पासष्टावा चिमटा

१

सकाळी पावणेसातला हिल्का हॉस्पिटलच्या तळघरात उतरायची, टोपीत केस कोंबायची, हात धुवायची आणि सगळ्यात आधी वाफेने अवजारं निर्जंतुक करणाऱ्या रिकाम्या ऑटोक्लेव्हमध्ये एक पुडकं ठेवायची. पुडक्याच्या पोटात एक कागद असतो. वाफ सगळीकडे सारखी पोचली तर तो एकसारखा काळा पडतो; मध्येच कुठे फिकट डाग राहिला तर आत हवा अडकली असं समजायचं आणि त्या मशीनला दिवसभर हात लावायचा नाही. एकतीस वर्षं ती हा कागद रोज दिव्याखाली धरून निरखत आली होती. नवऱ्याच्या तोंडाकडे तिने इतकं निरखून कधी पाहिलं नसेल, असं तिच्या शेजारच्या टेबलावरची तैमी म्हणायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

हॉस्पिटल पार उत्तरेकडे समुद्राकाठी होतं. वर सहा मजले खिडक्याच खिडक्या, आणि जूनमध्ये त्या खिडक्यांतलं ऊन काही केल्या जायचं नाव घेत नसे. खाली, जिथे ऑपरेशनची अवजारं धुवायची, तपासायची आणि निर्जंतुक करायची, तिथे एकही खिडकी नव्हती. नुसत्या तीन खोल्या. पहिलीत मळकी अवजारं येत, दुसरीत धुऊन बाहेर पडत, तिसरीत निर्जंतुक होऊन फळीवर चढत. पहिल्या दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत चार धुण्याची मशीनं बसवलेली होती. प्रत्येकाला दोन दारं, एक मळक्या बाजूला आणि एक स्वच्छ बाजूला, आणि एक उघडं असेल तर दुसरं उघडायचंच नाही. म्हणजे मळक्या खोलीतलं काहीही आधी उकळून निघाल्याखेरीज हिल्काच्या टेबलावर येऊच शकत नव्हतं. हा नियम तिला फार आवडायचा. माणसांनाही अशी दोन दारं हवी होती, असं ती म्हणायची.

मोजण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. प्रत्येक ट्रेबरोबर यादी असते, आणि यादीबरहुकूम एकेक नग मोजून, भिंगाखाली तपासून, सही करायची. बाकीच्या एकदा मोजायच्या, हिल्का दोनदा. नव्या मुलींना पहिल्याच दिवशी हे सांगितलं जायचं. ती दोनदा का मोजते, हे मात्र आजवर कुणी विचारलं नव्हतं.

२

त्या आठवड्यात शुक्रवारी युहान्नुसची सुट्टी होती. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. गावच्या गाव रिकामं होऊन बेटांवरच्या लाकडी घरांकडे पळतं. सोमवारपासूनच सगळ्यांची मनं तिकडे लागलेली.

सोमवारी सात नंबरचा ट्रे मशीनमधून बाहेर आला. हा पोटाच्या ऑपरेशनचा ट्रे, त्यात चौसष्ट नग. हिल्काने मोजले, पासष्ट भरले. तिने सगळे रांगेत लावून पुन्हा मोजले. पासष्टच.

जास्तीचा नग होता एक वाकड्या तोंडाचा चिमटा. तसे त्या ट्रेमध्ये डझनभर असतात. रक्त वाहू लागलं की नस चिमटीत धरायची आणि कडी दाबायची. दांड्यावरचा दातेरी खटका खट, खट, खट असा तीनदा वाजून घट्ट बसतो. फरक एवढाच की ह्याच्या एका कडीवर हिरवी चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

"हे काय असतं?" तैमीने विचारलं.

"तू यायच्या आधीचं. पूर्वी कुठला नग कुठल्या ट्रेचा ते पट्टीच्या रंगावरून कळायचं. पोटाची हिरवी. मग कळलं की पट्टीखाली घाण साचते. एका हिवाळ्यात मीच सगळ्या सोलून काढल्या. स्पिरिटने डिंक पुसून पुसून बोटं सोलवटली होती माझी."

"एक राहिला म्हणायचा."

"एकही राहिला नव्हता."

"राहतो गं. माझ्या सासूच्या फ्रीजरमध्ये परवा वीस वर्षांपूर्वीच्या बेरी निघाल्या. आणि तिने त्यांचं सरबत केलं." तैमीने चिमटा उचलला आणि जरा थबकली. "हा गरम कसा नाही?"

मशीनमधून निघालेल्या अवजारांना दहा मिनिटं हात लावता येत नाही, इतकी ती तापलेली असतात. आजूबाजूच्या नगांवरची हवा अजून थरथरत होती. हिल्काने चिमटा हातात घेतला. तो कोमट होता. कुणीतरी इतका वेळ मुठीत धरून आत्ता दिल्यासारखा.

तिने ऑपरेशन थिएटरला फोन लावला. वरचा ओस्मो वीस वर्षं तिथे नर्स होता आणि तितकीच वर्षं तिला छळत होता.

"चौसष्ट गेले, चौसष्ट परत दिले," तो म्हणाला. "एक कमी असता तर माझी झोप उडाली असती. जास्त आहे तर तू ठेव. सुट्टीत मासे उलटायला होईल."

हिल्काने चिमटा बेवारशी अवजारांच्या खणात टाकला आणि पुढचा ट्रे ओढला. तळहाताची ऊब मात्र दुपारपर्यंत गेली नाही.

३

मंगळवारी सात नंबरमध्ये पुन्हा पासष्ट.

तिने खण उघडून पाहिला. त्यात एक मोडकी कात्री आणि दोन सुया होत्या. तैमीकडे तिने असं काही पाहिलं की तैमीने हातातली यादी खाली ठेवली.

"हिल्का, मी थट्टा करते, पण तोंडाने. अवजारांशी नाही."

ते खरं होतं. हिल्काने चिमटा भिंगाखाली धरला. तोंडाचे दाते स्वच्छ. सांधा मात्र जाम होता, कडी हलता हलेना. धरलेला सांधा दिसला आणि हिल्काने तेल घातलं नाही, असं कधी झालं नव्हतं. दुसऱ्याच्या घरची कात्रीसुद्धा ती तशी सोडत नसे. तिने पांढऱ्या तेलाचा एक थेंब सांध्यात सोडला, जोर करून खटका सोडवला, खट, खट, खट, आणि तीन-चार वेळा उघडझाप केली. सांधा मोकळा झाला. भिंतीवरच्या घड्याळात दहाला पाच कमी होती. सगळ्या कॉफीला निघाल्या होत्या.

तिला काय वाटलं कोण जाणे, मशीन तपासायची तापमापकाची सुई तिने चिमट्याला लावली. अडतीस पॉइंट दोन.

कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव संपवून ती परत आली तेव्हा ट्रेमधले बाकीचे नग थंडगार झाले होते. चिमटा अडतीस पॉइंट दोनच दाखवत होता. यंत्र बिघडलं असणार. तिने सुई चक्क आपल्या काखेत धरली. छत्तीस पॉइंट सहा. यंत्र ठीक होतं, आणि ती स्वतःही.

हिल्का काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती. जंतू दिसत नाहीत पण असतात, आणि वाफेने मरतात, एवढीच तिची न दिसणाऱ्या गोष्टींवरची श्रद्धा. जाड पोलाद ऊब धरून ठेवतं, असं तिने स्वतःला सांगितलं. मग बाकीच्या चौसष्ट पोलादांनी का नाही धरली, हा प्रश्न तिने विचारला नाही. चिमटा तिने कपडे बदलायच्या खोलीत स्वतःच्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली घरी नेली.

घरी रैमो, तिचा नवरा, गाडीत सुट्टीचं सामान भरत होता. "तोंड असं का?" त्याने विचारलं.

"एक नग जास्त येतोय."

"जास्त येतोय तर चांगलंच की," रैमो म्हणाला. त्याला काय कळणार म्हणा. त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

४

अठरा वर्षांपूर्वीचा युहान्नुसही असाच उजळ होता. दुपारचे अडीच. वर गाडी चालू करून रैमो थांबलेला, मागे दोन्ही पोरं, डब्यात बर्फावर मासा, आणि साडेतीनची बोट चुकली तर पुढची थेट संध्याकाळी. हिल्का टेबलावर एकटीच होती. शेवटचा ट्रे सात नंबरचा. तिने मोजला, त्रेसष्ट भरले. एक वाकड्या तोंडाचा चिमटा कमी.

अशा वेळी काय करायचं ते तिला तोंडपाठ होतं, कारण तीच ते शिकवायची. हातातलं सगळं टाकून थिएटरला फोन करायचा. पेशंटला कुठे हलवू द्यायचं नाही, एक्स-रे होईपर्यंत. पण फोन केला की चादरींची गाठोडी सोडा, कचऱ्याचे डबे उपसा, गुडघ्यांवर रांगा; दोन तास तरी गेले. वरच्यांनी मोजून पूर्ण म्हणून सही केलेली होती. त्या काळी चादरी कापडाच्या असत आणि त्यांत अडकून चिमटे नेहमी धोबीखान्यात जायचे. दर सोमवारी ते एका पत्र्याच्या डब्यातून परत यायचे. हाही येईल.

तिचा फोन वाजला. रैमो विचारत होता, किती वेळ अजून. तिने राखीव खणातून एक नवा चिमटा काढला, त्याला हिरवी पट्टी गुंडाळली, ट्रेमध्ये ठेवला आणि चौसष्टवर सही केली.

सोमवारी पत्र्याचा डबा आला. त्यात दोन कात्र्या होत्या. पुढच्या सोमवारी आला, त्यात एक चमचा. ती वर्षभर दर सोमवारी त्या डब्याकडे धावत गेली. मग कापडी चादरी बंद झाल्या आणि डबा येणंही थांबलं. तेव्हापासून ती दोनदा मोजते. त्या दुपारी टेबलावर कोण झोपलं होतं, हे तिने कधी शोधलं नाही. शोधायची तिची छाती झाली नाही, हेच खरं.

५

बुधवारी सकाळी तिने आधी आपलं कपाट उघडलं. कुलूप शाबूत, किल्ली खिशात. आत तिचे बूट, छत्री, आणि जिथे चिमटा ठेवला होता तिथे पुसट ओलसर डाग. मग ती स्वच्छ बाजूला जाऊन खुर्ची ओढून तीन नंबरच्या मशीनसमोर बसली. सात नंबरचा ट्रे आत होता. तैमी पलीकडे ऑटोक्लेव्ह भरत होती. मशीनने पाणी सोडलं, सुकवणं सुरू झालं, पंख्याचा घूं घूं आवाज येऊ लागला.

त्या आवाजाच्या आतून दुसरा आवाज आला. खट. खट. खट.

काही गळून खाली पडलं असेल. पण पडलेली वस्तू एकदा वाजते आणि गप्प बसते. थोड्या वेळाने पुन्हा, खट, खट, खट. मध्ये अंतर ठेवून. घाई नसलेल्या माणसाने दार ठोठावावं तसं.

मशीनच्या दाराला पाटीएवढी काच आहे. तिच्यावर वाफ धरली होती. हिल्काने कपाळ काचेला टेकवलं. वाफेतून ट्रेची जाळी दिसली, कात्र्यांच्या रांगा दिसल्या, सगळ्यांच्या वर हिरव्या पट्टीचा चिमटा दिसला. बाकी सगळं जागच्या जागी होतं. चिमटा वर-खाली होत होता. भरभर, बोटभर वर आणि बोटभर खाली, झोपलेल्या माणसाच्या पोटावर राहिलेलं पुस्तक होतं तसा. त्याच्याखाली काही नव्हतं. म्हणजे, काही दिसत नव्हतं.

वाफ पुन्हा दाटली. हिल्का खुर्चीत मागे टेकली. भीती तिला चिमट्याची वाटत नव्हती. तो श्वास फार जलद होता.

दार उघडलं तेव्हा तिने दहा मिनिटं थांबण्याऐवजी सरळ सुई लावली. एकोणचाळीस पॉइंट चार. तिने तो आकडा यादीच्या समासात पेन्सिलीने लिहिला, बाकीचे नग निवल्यावर ट्रे उचलला आणि मर्यूतच्या खोलीकडे चालू लागली.

६

मर्यूत विभागप्रमुख होती, आणि हिल्काच्या हाताखालीच शिकून मोठी झाली होती.

"बस. कॉफी घे."

"नको. आधी हा मोज."

मर्यूतने मोजला. "चौसष्ट. बरोबर आहे की."

हिल्काने पाहिलं. हिरवी पट्टी कुठेच नव्हती. दार पाच पावलांवर होतं. डोळ्यांना भास झाला म्हणायचं, एक कॉफी प्यायची, शुक्रवारी बोटीत बसायचं. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. भिंतीवर विभागाचा फोटो होता, त्यात सगळ्यांच्या मधोमध ती बसली होती.

तिने खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. तारीख, वेळ, राखीव खण, सही. चिमट्याचं मात्र सांगितलं नाही. सांगून झाल्यावर मर्यूतने टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"दोनदा मोजायचं मला तू शिकवलंस," ती म्हणाली. "मी वर्गात तुझं नाव घेऊन सांगते, हिल्का. तुझं नाव घेऊन."

"माहीत आहे मला."

"अठरा वर्षं गप्प बसलीस. मग आजच का?"

"त्याला ताप आहे."

"कुणाला?"

"नाव मला माहीत नाही."

मर्यूतने तिच्याकडे पाहिलं. मग रिसीव्हर उचलला. "हे तापाचं मी कुणाला सांगणार नाही. मी फक्त तारीख सांगणार."

दुपारी तीनला मर्यूत स्वतः खाली आली. तैमी होती म्हणून तिने हिल्काला बाजूला घेतलं. "त्या दुपारी सात नंबर एकाच ऑपरेशनला वापरला होता. माणूस जिवंत आहे. चौऱ्याहत्तर वर्षांचा, बाहेरच्या बेटावर एकटा राहतो. सोमवारपासून बरं नाही. फोनवर म्हणाला, साधी सर्दी आहे, जाळी टाकलीयेत, शनिवारनंतर बघू. आपण बोट पाठवलीय."

"ताप किती?"

 मर्यूतने खिशातून सात नंबरची यादी काढली. सकाळी ती मर्यूतच्या टेबलावरच राहिली होती. समासात हिल्काच्या अक्षरातला आकडा होता.

"बोटीवरच्या नर्सने मोजला, तोही हाच," ती म्हणाली. "खोडरबर आहे का तुझ्याकडे?"

हिल्काने दिलं. मर्यूतने आकडा खोडला, कागदावरचा कचरा फुंकला आणि वर गेली.

७

गुरुवारी सकाळी ऑटोक्लेव्हचा कागद एकसारखा काळा निघाला. हिल्काला तो तीनदा बघावा लागला, कारण नजर ठरत नव्हती. एक्स-रे काल संध्याकाळीच झाला होता, आणि त्यात काय दिसलं ते सगळ्या हॉस्पिटलला माहीत झालं होतं. जेवणघरात एका टेबलावरचं बोलणं ती आल्यावर थांबलं. तैमी मुद्दाम तिच्या शेजारी येऊन बसली आणि सासूच्या फ्रीजरबद्दल मोठ्याने बोलत राहिली. त्या वेळी हिल्काला ती पोटच्या पोरीसारखी वाटली.

साडेअकराला ओस्मोचा फोन आला.

"ट्रे येतोय. पासष्ट आहेत. आज मीही दोनदा मोजलेत."

"आणि माणूस?"

"माणूस ठणठणीत. आतड्याशी पू झाला होता, काढला. आणखी दोन दिवसांनी काही खरं नव्हतं, असं सर्जन म्हणतोय. शुद्धीवर आल्या आल्या विचारलं काय, तर जाळी कुणी ओढली का." ओस्मो हसला आणि मग थांबला. "एक सांगू? अठरा वर्षं पोटात राहिलेलं लोखंड. सांधा धरलेला हवा ना? सर्जन मघापासून उघडझाप करून बघतोय. लोण्यासारखा हलतो. मला म्हणतो, काल कुणी तेल घातलं का याला."

हिल्काने फोन ठेवला.

चौकशीसाठी चिमटा धुऊन पिशवीत सीलबंद करायचा होता. ट्रे मळक्या बाजूने आत गेला. ती पुन्हा त्याच खुर्चीत बसली. पाणी सुटलं, पंखा फिरला, घूं घूं आवाज आला. ती कान देऊन ऐकत राहिली. पंखाच वाजत होता, दुसरं काही नाही.

दार उघडलं. सगळ्यांच्या वर वाकड्या तोंडाचा चिमटा होता, काळवंडलेला, कडीवर हिरव्या पट्टीचे दोन धागे उरलेले. हिल्काने हात पुढे केला आणि तो मुठीत धरला.

चर्रकन भाजलं. चिमटा ट्रेमध्ये पडला, एकदाच वाजला आणि गप्प बसला.

"अगं दहा मिनिटं थांबायचं असतं," तैमी धावत आली. "तूच शिकवलंस ना आम्हाला? दाखव हात. आणि हसतेस काय?"

हिल्का नळाखाली हात धरून हसत होती आणि रडतही होती. किती दिवसांनी तिचा जीव भांड्यात पडला होता. तळव्यावर लाल पट्टा उठला होता, आगआग होत होती, आणि ती आग तिला इतकी बरी वाटत होती की नळ बंद करावासा वाटेना. अर्ध्या तासाने चिमटा थंड झाला. खोलीतल्या इतर कुठल्याही पोलादासारखा थंड. तिने तो पिशवीत घातला, सील केलं, कपाटात ठेवला. शुक्रवारी सकाळी तो कपाटातच होता.

८

पेशंटनेच निरोप पाठवला होता की ज्या बाईने सांगितलं तिला बघायचंय. शुक्रवारी दुपारी हिल्का चौथ्या मजल्यावर गेली. खोलीभर ऊन होतं आणि कुणीतरी पेल्यात सणाची म्हणून बर्चच्या झाडाची फांदी ठेवली होती. तौनो, म्हणजे तो म्हातारा, उशीला टेकून समुद्राकडे बघत होता.

"तूच का ती मोजणारी?"

"हो. चुकीचं मोजणारी."

"चुकीचं कुठे, पोरी. बरोबर मोजलंस आणि चुकीचं लिहिलंस." हिल्का साठीला आली होती. पोरी म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं.

"मला माफी मागायचीय तुमची."

"माग की. मी करीन की नाही ते अजून ठरवलेलं नाही. सध्या रागावता येत नाही, टाके ओढतात. सुटले की बघू." त्याने पेल्यातलं पाणी घेतलं. "अठरा वर्षं डावीकडे चिमटा बसायचा, वाकलं की. डॉक्टर म्हणायचा, वय झालं. बुटाची नाडी बांधता येईना म्हणून मी बिननाडीचे बूट घालायला लागलो. बायको गेली तिच्या दफनालाही तसलेच बूट. तेवढं मात्र लागलं मला."

 हिल्काने मान खाली घातली.

"पण एक गंमत सांगतो," तौनो म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा खाली आला. "डॉक्टरांना नाही सांगितली. ते तापात भास झाला म्हणतील. मंगळवारी सकाळी पायरीवर बसलो होतो. कॉफीची वेळ, दहाला पाच कमी. आणि आत काहीतरी सुटलं. खट, खट, खट. कानाने नाही, आतून ऐकू आलं. आणि ते धरलेलं सैल झालं. एकदम सैल, जसं काही कुणी..." त्याने हवेत दोन बोटांनी कात्रीसारखी उघडझाप केली. "मी उठलो, जुने बूट काढले, वाकलो आणि नाडी बांधली. दोन्ही बुटांची. मग संध्याकाळी ताप चढला तो चढलाच. पण नाडी बांधली मी."

हिल्काने हात पाठीमागे घेतले होते. भाजलेल्या तळव्याला तेलाचा वास येतोय असं तिला वाटत होतं, आणि तो येणं शक्य नव्हतं. काल-आजमध्ये तिने ते वीसदा धुतले होते.

"काय गं," तौनोने विचारलं, "गप्प का झालीस?"

"काही नाही. नाडी बांधलीत ते बरं केलंत."

"मग. सोमवारी ये. तोवर ठरवतो."

ती जिन्याने खाली उतरली. मर्यूत दारातच भेटली. चौकशी होणार होती, लेखी खुलासा द्यायचा होता, पुढे काय होईल ते सांगता येत नव्हतं. "पण आज शेवटचा ट्रे तूच बघ," मर्यूत म्हणाली. "इथे तुझ्याइतकं घाबरून मोजणारं दुसरं कुणी नाही."

सात नंबरच होता. दुपारचे अडीच झाले होते. हिल्काने टोपी घातली, दहा मिनिटं थांबली आणि मोजायला लागली. चौसष्ट. पुन्हा मोजले. चौसष्ट. एकेकाला बोट लावून पाहिलं. सगळे सारखे गार होत चालले होते.

खिशातला फोन वाजला. रैमो होता. गाडी चालू होती, मासा बर्फावर होता, बोट साडेतीनला सुटणार होती. "किती वेळ अजून?"

"होईल तितका," हिल्का म्हणाली. "संध्याकाळच्या बोटीने जाऊ."

फोन ठेवून तिने खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यापासून तिसऱ्यांदा मोजायला घेतलं.